एक गजरा होईपर्यंत

“सात मिनिटं,” मी म्हणाले. “पोलिसाने त्याला सात मिनिटं जास्त थांबवून ठेवलं. गाडीचा मागचा दिवा फुटला होता, त्याची पावती फाडून झाली होती, लायसन परत दिलं होतं. तरी थांबवलं.”

“कशापायी?” सिंधूमावशींनी विचारलं.

“कुत्रं यायचं होतं. वास घेणारं.”

“आलं का?”

“आलं. डिकीत गांजा सापडला. खालच्या कोर्टाने—”

“गजरा झाला,” आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. त्यांनी शेवटची गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. “थांब आता.”

मला शिक्षा किती झाली ते सांगायचं होतं. पण नियम म्हणजे नियम. तिघींनी एकेक फूल मुठीत घेतलं आणि ओल्या फडक्याखालच्या पातेल्यात टाकलं. मी फडकं उचललं. दोन पांढऱ्या शेवंत्या, एक झेंडू.

“उलटवलं,” मी जाहीर केलं.

“झेंडू माझा,” बायडाआत्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. “गांजा होता ना डिकीत? मग.”

“सात मिनिटं माणसाची काय कुत्र्याची?” सिंधूमावशी म्हणाल्या. “पावती फाडली, विषय संपला.”

खटला अमेरिकेतला; तिकडेही तिघा न्यायाधीशांनी उलटवलं होतं. आईंनी नुसती मान हलवली आणि पुढचा दोरा घेतला.

वस्तुस्थिती

मी साधना. एलएलबी झाले, दोन वर्षं नाशिकच्या कोर्टात एका वकीलसाहेबांच्या फायली उचलल्या. आता मखमलाबादच्या घरी बसून एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या अपील कोर्टांचे निकाल वाचते आणि त्यांचा सारांश लिहिते. चाळीस पानांचा निकाल, दीडशे शब्दांचा सारांश. दिवाणी असो की फौजदारी, दीडशेच. तिकडचे वकील सकाळी उठून तो वाचतात म्हणे. मला त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा माहीत नाही.

पहिलं वर्षभर माझे सारांश परत यायचे. तपासणारे हर्षल सर लाल अक्षरात लिहायचे, ‘कोण कोणाशी आणि का भांडतंय, ते तिसऱ्यांदा वाचूनही कळलं नाही.’ एका दुपारी मी लॅपटॉप मिटून पडवीत येऊन बसले. पडवीत तीन बायका हार करत होत्या. माझ्या सासूबाई ठमाबाई, त्यांची मोठी नणंद बायडाआत्या आणि शेजारच्या सिंधूमावशी.

“काय एवढं लिहिलंय त्या मेल्यांनी, सांग तरी,” आई म्हणाल्या.

मी सांगायला लागले. चौथ्या वाक्याला बायडाआत्या म्हणाल्या, “पण गाडी कोणाची?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यावेळी गाडी कोणाची ते आधी सांगितलं.

तेव्हापासून ठरलं. आईंनी काकड्याचा एक गजरा करायला घ्यायचा आणि तो पुरा होईपर्यंत मी खटला सांगायचा. आईंचा हात फुलबाजारात सगळ्यांत चपळ. पांढरी फुलं दोन बोटांत येतात कधी आणि गाठीत बसतात कधी, दिसतच नाही. चार मिनिटांत गजरा. त्या चार मिनिटांत जेवढं मावतं तेवढंच दीडशे शब्दांत मावतं, हे मला महिन्याभराने कळलं. लाल अक्षरं थांबली.

तिकडच्या अपील कोर्टात तीन न्यायाधीश बसतात. आमच्या पडवीत तीन बायका बसतात. पुढचं आपोआप झालं. झेंडू म्हणजे खालच्या कोर्टाचं बरोबर. शेवंती म्हणजे उलटवा.

तळटीप, जी खाली मावली नाही

बायडाआत्या नेहमी झेंडू टाकतात. “खालच्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. साक्षीदार घाम कसा पुसत व्हता, ते वरच्याला कागदावर काय दिसनार?” हेच वाक्य अमेरिकेतले न्यायाधीश दर दुसऱ्या निकालात दोन पानं खर्चून लिहितात. आत्या चौथी शिकल्या आहेत.

सिंधूमावशी नेहमी शेवंती टाकतात. “माणूस उगाच वर जातो का?”

म्हणजे रोज निकाल लावायच्या त्या आईच.

मुद्दा (एकच)

पितृपक्ष लागला होता. फुलांना उठाव नव्हता, कॅरेट अर्धे रिकामे. त्या दिवशी मी एका वाचनालयातल्या बाईचा खटला सांगितला. गावच्या सरकारी वाचनालयात बावीस वर्षं पुस्तकं लावायची. पायाला काही झालं. वरिष्ठांनी सरळ पत्र दिलं, उद्यापासून येऊ नका. पत्रात सगळी कारणं होती, आणि कारणं खोटीही नव्हती. पण पत्र देण्याआधी तिला बोलावून तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. खालचं कोर्ट म्हणालं, कारणं तर खरी आहेत.

गजरा झाला. फडक्याखाली दोन शेवंत्या, एक झेंडू.

“बरोबर,” मी म्हणाले. “तिकडेही उलटवलं.”

“म्हंजे काम मिळालं तिला परत?” आईंनी विचारलं.

“नाही. प्रकरण परत खाली पाठवलं. आधी तिचं ऐका, मग ठरवा, एवढंच.”

“ऐकून पुन्ना काढलं तर?”

“काढू शकतात.”

आईंनी दहा-बारा फुलं ओवली. मग म्हणाल्या, “एवढं बी लय हाय.”

आणि थोड्या वेळाने, दोऱ्याकडेच बघत, “साधना, मला बी वर जायचंय.”

“कुठे?”

“अपिलात. भारतच्या निकालावर.”

सिंधूमावशींच्या मांडीवरची शेवंती खाली सांडली.

तो निकाल असा. आषाढी एकादशीला आई फुलबाजाराच्या पायऱ्यांवरून घसरल्या. पायऱ्या कायम ओल्या. उजवं मनगट मोडलं. भारतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दवाखान्यातच सांगून टाकलं, “आई आता बाजारात जाणार नाही.” आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

एकेचाळीस वर्षं आई पहाटे उठून त्या बाजारात, जिन्याखाली नळाशेजारी, गोणपाट टाकून बसत होत्या. सासरे कोंडाजी गेले तेव्हा चौदाव्या दिवशी पुन्हा तिथेच. यंदा पहिल्यांदा गणपती त्यांच्याशिवाय गेले. प्लास्टर निघूनही तीन आठवडे झाले होते, बोटं पूर्वीसारखीच धावत होती. पण भारतपुढे कुणी विषय काढला नव्हता.

संध्याकाळी मी त्याला सांगितलं. तो मळ्यातून आला होता, हातपाय धूत होता. आधी खूप हसला.

“आईने केस टाकली? माझ्यावर?”

“केस नाय,” आतून आई म्हणाल्या. “अपील. आन् हारले तर पुन्ना बाजाराचं नाव काढनार नाय. कधीच नाय.”

भारतचं हसू थांबलं. आई बोलल्या तर तसंच करतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

युक्तिवाद

रविवार, दुपारी दोन. पडवी झाडून घेतलेली.

अपीलकर्ती: ठमाबाई, वय अडुसष्ट, हार-गजरेवाल्या. प्रतिवादी: भारत, त्यांचा मुलगा, शेवंती-झेंडूवाला. पेशकार, म्हणजे कोर्टाची कारकून: मी, जिने कुणाच्याच बाजूने चेहरा करायचा नाही असं ठरलेलं.

पण आई आता पक्षकार, त्यांना फूल टाकता येईना. तिसरा जज कोण? सिंधूमावशींनी नवऱ्याला हाताला धरून आणलं. धोंडीरामकाका. सगळ्या वस्तीची फुलं आपल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून बाजारात नेतात. ते दाराकडे तोंड करून बसले.

“माझी हरकत आहे,” भारत म्हणाला. “हे मावशींचे मिस्टर. त्या म्हणतील तिकडे काका फूल टाकणार.”

“मी म्हणंल तिकडं?” सिंधूमावशी उसळल्या. “चाळीस वर्षांत एकदा तरी माझ्या म्हणन्यावर हो म्हणलंय का ह्या माणसाने? विचार की!”

“नाय म्हणलं,” धोंडीरामकाका म्हणाले.

“बघ! हे बी नायच म्हणला!”

हरकत फेटाळली. भारत तर उलट खूष झाला. हिशोब सोपा होता. आत्या झेंडूच टाकणार. मावशी शेवंतीच टाकणार. आणि काका आयुष्यात मावशींच्या बाजूला गेले नव्हते. मी आईंकडे बघितलं. त्यांनाही तो हिशोब कळला होता. त्या पदर सारखा करत शांत बसल्या होत्या.

“तशा बायडाआत्याही दोन्ही पक्षांच्या नातेवाईकच,” मी कायद्याला धरून म्हणाले.

“मग मखमलाबादेत जज आणायचा कुठून?” आत्या म्हणाल्या. “सगळे कोणाचे ना कोणाचे. मांड तुझं, ठमे.” आणि त्यांनीच गजरा करायला घेतला. प्रत्येकाला एकेक गजरा. आत्यांचा हात सावकाश, आठ मिनिटं सहज.

आईंनी उजवं मनगट पुढे केलं. “हे बघा, कसं फिरतंय—”

“आई, हात दाखवायचा नाही,” मी म्हणाले. “अपिलात नवा पुरावा चालत नाही. खालच्या कोर्टात जे झालं तेवढंच.”

“हात नवा हाय का? जुनाच हाय.”

पडवी हसली. भारतसुद्धा. पण नियम म्हणजे नियम. आईंनी हात पदराखाली घेतला.

“मग दोनच गोष्टी,” त्या म्हणाल्या. “निकाल दिला तेव्हा मी शुद्धीवर व्हते. मला कोणी विचारलं नाय.”

आत्यांच्या गजऱ्याला जेमतेम पाच फुलं लागली होती.

“बोल की, दोरा लय उरलाय.”

“झालं माझं.”

मग भारत उठला. तो बोलला छान. पायऱ्या, पाणी, हातगाड्या, पहाटेचा अंधार, गर्दी. एकेचाळीस वर्षं केलं, आता आराम करावा, घरी बसून हार होतातच की. सगळं खरं होतं. “मी मळ्यात होतो,” तो म्हणाला. “फोन आला. गाडी कशी चालवली मलाच माहीत नाही. जाऊन बघतो तर हात असा लोंबतोय, आणि ही मला म्हणते, हार तेवढे धोंडीरामकडे दे.” तो घोटभर पाणी प्यायला.

आत्यांची बोटं थांबली. “म्हंजे पडताना तू पाहिलं नायस.”

“कसा बघणार? मळ्यात होतो.”

“कशी पडली, ते विचारलंस तिला?”

“आत्या, हात लोंबत होता. विचारायचं काय त्यात?”

“आन् मागून? प्लास्टर घातल्यावर? सहा आठवडे गेले की.”

भारतने खांदे उडवले. “विषयच निघाला नाही.”

“बरं. तिची जागा?”

“ती मी मार्गी लावली. रिकामी जागा कोणीही धरतं. सायखेड्याची रोशनी म्हणून आहे, तिला बसवलं तिथे.”

हे मलाही माहीत नव्हतं. आईंनी मांडीवरची टोपली बाजूला ठेवली. मग उचलली. मग पुन्हा ठेवली.

“गजरा झाला,” बायडाआत्या म्हणाल्या.

तिघांनी फडक्याखाली हात घातला. काकांनी सगळ्यांत शेवटी, डोळे मिटून. मी फडकं उचललं.

दोन शेवंत्या. एक झेंडू.

मी पुन्हा मोजलं. दोन आणि एक, त्यात मोजण्यासारखं काही नसतं, तरी मोजलं.

“अहो!” सिंधूमावशींनी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. “शेवटी ऐकलंत की माझं!”

“झेंडू माझा हाय,” धोंडीरामकाका म्हणाले.

सगळ्यांच्या माना बायडाआत्यांकडे वळल्या. पावणेदोन वर्षं, तीनशेच्या वर निकाल, आणि आत्यांच्या हातून एकदाही पांढरं फूल पडलं नव्हतं.

“काय बघताय?” आत्या म्हणाल्या. “मी खालच्याच्या बाजूने का असते? त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कानांनी ऐकलेलं असतं म्हणून. ह्याने पाहिलं नाय. ऐकलं नाय. मग ह्याच्यात आन् वरच्यात फरक काय राह्यला?” मग भारतकडे वळून, “तू माझा भाचा हायस. पन कोर्ट म्हणून कच्चा हायस.”

भिन्नमत

(धोंडीरामकाकांचं, उभ्याने सांगितलेलं. शब्द: चोवीस.)

“मी त्या दिवशी तिथंच व्हतो. पायऱ्या ओल्या व्हत्या. काल बी ओल्याच व्हत्या. निकालाने पायऱ्या सुकत नाय. वहिनी पुन्ना पडल्या तर मला बघवनार नाय. एवढंच.”

मी लिहून घेतलं. साक्षीदाराने जज म्हणून बसायचं नसतं, हे मला तेव्हाच आठवलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

परत खालच्या कोर्टात

निकाल रद्द. ऐका, मग ठरवा. अपील जिंकलं म्हणजे जागा मिळाली असं नाही, हे आईंना चांगलं कळत होतं. सिंधूमावशी पेढे आणायला निघाल्या, तर त्यांनी थांबवलं. “अजून माझं ऐकायचंय त्याने.”

भारतने त्याच संध्याकाळी ऐकलं. प्लास्टिकची खुर्ची ओढून आईंसमोर बसला. मी आत जायला निघाले तर म्हणाला, “थांब, लिहून घे. नाहीतर परत वर जाईल ही.”

“बोल आई. गजऱ्याबिजऱ्याचं बंधन नाही.”

आईंनी हातातला दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मी घसरले ते माझ्या चुकीने. चपला ओल्या व्हत्या, पुसायला पाहिजे व्हत्या. पडले तर चौघी धावल्या. एकीने हात धरला, एकीने टोपली. माझे हार त्यांनीच विकले.”

“बरं.”

“घरी मला सगळं आणून देतात. च्या आणून देतात, गोळी आणून देतात. लय करता तुम्ही. तिथं मला कोणी काय आणून देत नाय.” त्यांनी बाजाराच्या दिशेने हात केला. “तिथं मला भाव विचारतात. मी सांगते. ते घासाघीस करतात. मी नाय म्हणते. घरी मला नाय म्हणायला काय उरलंच नाय रे.”

भारतने चपलेचा अंगठा ओढून सारखा केला.

“मी तुला विचारायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“ते झालं आता. ठरव.”

त्याने ठरवलं. आईंनी जायचं. मात्र पायऱ्यांनी नाही. मागच्या बाजूने हातगाड्यांचा उतार आहे, तिकडून. धोंडीरामकाका टेम्पो थेट उतारापर्यंत नेतील. आणि रबरी तळाच्या चपला, उद्याच.

“काकांना सांग,” तो मला म्हणाला, “हरले तरी ऐकलं त्यांचंच.”

आई हसल्या. मग म्हणाल्या, “आन् ती पोर? रोशनी?”

“तिला मी सांगतो, उठ म्हणून. तुझी जागा आहे.”

“तू नको सांगू,” आई म्हणाल्या. “तू लय सांगतोस.”

घटस्थापनेच्या पहाटे बाजार पिवळाधमक होता. आम्ही उताराने गेलो. आईंच्या पायात नव्या चपला, काखेत जुनं गोणपाट, आणि मागून धोंडीरामकाका, एक हात असा पुढे धरून की जणू हवेतच काही धरायचं होतं. वाटेत दर चार पावलांवर कुणीतरी ओरडत होतं. “ठमाबाई! आल्या का!” “ओ ठमाबाई, हात दाखवा!” कोपऱ्यावरच्या चहावाल्याने पैसे न घेता कप पुढे केला, तर आईंनी त्याला झापलं. “आज फुकट, उद्या दुप्पट. घे पैसे.” इतका मोठा आवाज त्यांनी घरात कधी काढलेला मी ऐकला नव्हता.

जिन्याखाली, नळाशेजारी, एक तिशीची बाई बसली होती. आईंना बघितल्याबरोबर उठली आणि भराभर टोपल्या एकात एक घालू लागली.

“उठते आजी. दादा म्हणाले होते तुम्ही येणार नाही, म्हणून मी—”

“दादाचं ऐकलंय मी,” आई म्हणाल्या. “बस.”

“नको, तुमची जागा आहे.”

“ते मला ठाऊक हाय. बस. तुझं काय म्हणणं हाय ते सांग.”

रोशनी बसली, पण अर्धीच. आईंनी शेजारी गोणपाट टाकलं, खाली बसल्या, काकड्याची ओंजळभर फुलं मांडीत घेतली आणि गजऱ्याला सुरुवात केली. रोशनी बोलायला लागली. आधी अडखळत. सायखेड्याहून पहिल्या गाडीने येते. आधी रस्त्याच्या कडेला बसायची, तिथे नऊ वाजता ऊन यायचं आणि फुलं मान टाकायची. इथे नळ आहे, सावली आहे. इथे बसल्यापासून पहिल्यांदा टोपली रिकामी करून घरी गेली. मग तिची भीड चेपली, आणि ती सासूचं, गावच्या मळ्याचं, पोरीच्या शाळेचं सांगू लागली.

मी सवयीने घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली. सहा झाली. बाजारातला सगळ्यांत चपळ हात एकेक फूल उचलत होता, निरखत होता, देठ दोनदा तपासत होता, गाठ मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता.

“मग?” आई म्हणाल्या. “पुढं?”

नऊ मिनिटं झाली. गजरा अजून अर्धाही झाला नव्हता.